गाढवांचा नाकूस

"अरे गाढवा, त्या फळकुटाचा आवाज आता गाढवंसुद्धा ऐकत नाहीत!" असं नस्री म्हणाला आणि सगळी भानगड तिथून सुरू झाली.

जुर्जीच्या कॉफीच्या दुकानापुढं ओट्यावर दोघं बसले होते. एक नस्री. गावचा किराणावाला, मठाच्या समितीचा अध्यक्ष, ऐन जुलैत गळ्यापर्यंत बटणं लावून बसणारा इसम. दुसरा सल्लूम. हा खर्रूबच्या काळ्या, गोड शेंगा दळून त्यांची काकवी काढायचा, आणि उरलेल्या वेळात लोकांची टोपी उडवायचा. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, एकाच वर्गात नापास झालेले. लहानपणापासून नस्री सल्लूमला 'गाढवा' अशीच हाक मारायचा. इतकी की सल्लूमच्या लग्नात "नवरदेव गाढवा, इकडे ये" म्हणाला होता, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वर टेकडीवर, सय्यिदा मरियमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मठात म्हातारे भिक्षू अबूना सरोफीम संध्याकाळचा नाकूस वाजवत होते. नाकूस म्हणजे अक्रोडाची लांबलचक फळी आणि तिच्यावर लाकडी मोगरीचे ठोके. ऐन तूत नावाच्या या गावात त्या ठोक्यांना शब्द आहेत. पोर 'बाबा' म्हणायच्या आधी ते शिकतं: चल आदमा, चल आदमा, चल घरी चल आदमा. महापुराच्या वेळी नूहनं तारवात जनावरं बोलावली ती अशीच फळी ठोकून, हे गावातलं शेंबडं पोरही शपथेवर सांगेल. सुलतानाच्या राज्यात मठावर घंटा टांगायची बंदी होती, तेव्हा या फळीनं गाव जागवलं. सुलतान गेला, फ्रेंच आले, फ्रेंचही गेले. फळी होती तिथंच राहिली.

आता मात्र नस्रीच्या ब्राझीलमधल्या मेहुण्यानं घंटा पाठवली होती. साधीसुधी नव्हे, विजेवर चालणारी. बटण दाबलं की आपोआप ठणठण. घुमटाशेजारी ती चढवून, ताडपत्रीत गुंडाळून ठेवली होती. पंधरा ऑगस्टला सय्यिदेच्या सणाला मुत्रान, म्हणजे आपले मोठे धर्मगुरू, येणार आणि बटण दाबणार होते.

"घंटेला कोण नाही म्हणतंय?" सल्लूम म्हणाला. "ईस्टरला वाजव, लग्नाला वाजव. पण रोजचा नाकूस बंद कशाला?"

"दोन दोन आवाज कशाला हवेत? आणि अबूना थकलेत. मुत्रान त्यांना खालच्या मोठ्या मठात नेतायत. तिथं डॉक्टर आहे, सूप आहे, खिडकीतून समुद्र दिसतो."

"त्यांनी कधी समुद्र मागितला?"

नस्रीनं कप खाली ठेवला. अबूनांनी काहीच मागितलं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. सल्लूमनं त्यांना विचारलंही होतं. म्हातारा फळीला ऑलिव्हचं तेल चोळत म्हणाला होता, "मठात राहायचं तर काहीतरी काम पाहिजे बाळा. नुसतं बसून सूप प्यायला मी काय मुत्रान आहे?" आणि पुन्हा तेल चोळू लागला होता.

"गाढवं ऐकतात," सल्लूम एकदम म्हणाला.

"काय?"

"तू म्हणालास ना, गाढवंही ऐकत नाहीत. मी म्हणतो, ऐकतात. नूहचं ऐकलं, अबूनांचंही ऐकतील. लाव पैज."

जुर्जीनं कॉफीचं भांडं विस्तवावरून उतरवलं. अशा वेळी कॉफी उतू गेली तरी चालते, पण शब्द निसटता कामा नये. समोरच्या गच्चीवर सणाला रांधायच्या हरीसाचा गहू पाखडत बसलेली उम्म नखले, म्हणजे नखलेची आई आणि अर्ध्या गावाची दाई, हातातलं सूप थांबवून उभी राहिली.

"थांबा रे पोरांनो. पैजा लावता आणि मग शब्द फिरवता. मी सांगते, तसं बोला. सणाच्या दिवशी नाकूस वाजत असताना मठाचा उंबरा ओलांडून जनावर आत यायला हवं. पाय चार, पाठीवर खोगीर. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. आपल्या मनानं आलं पाहिजे. कबूल?"

"कबूल!" नस्री म्हणाला. "आणि नाही आलं तर या गाढवानं स्वतः खोगीर घालायचं. झऱ्यापासून मठाच्या उंबऱ्यापर्यंत हातापायांवर चालत यायचं. वाटेत गाढवाशिवाय दुसरी भाषा नाही!"

"आणि आलं तर हेच तू करायचंस," सल्लूम म्हणाला. "वर मुत्रानसमोर तुझ्याच तोंडानं सांगायचं, नाकूस राहील, अबूना राहतील."

नस्रीनं मिशीवरून बोट फिरवलं. "ठीक. पण मग तू हरलास तर अबूनांचं बोचकं तू बांधायचंस. तुझ्याच गाढवीवर बसवून तूच त्यांना खाली पोचवायचं. डोळ्यांत पाणी आणायचं नाही."

सल्लूमचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग त्यानं तो नस्रीच्या तळव्यावर फटकन मारला.

आता, सल्लूमनं नूहच्या भरवशावर पैज लावली असं कोणाला वाटत असेल तर त्याला सल्लूम कळलाच नाही.

एक ऑगस्टला सणाआधीचा उपास सुरू झाला. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. घरोघर मसूर, टोमॅटो आणि चिडलेले नवरे. रोज संध्याकाळी नाकूस वाजला की सगळं गाव सय्यिदेच्या विनवणीच्या प्रार्थनेला मठाच्या देवळात जायचं. अगदी त्याच वेळी जनावरं शेतांवरून परत यायची, पाठीवर खोगीर तसंच. सल्लूम पोतं खांद्यावर टाकून मठाच्या अंगणात शिरायचा आणि उंबऱ्याच्या आत, अक्रोडाच्या झाडाखाली मूठमूठ शेंगा टाकायचा.

पहिल्या संध्याकाळी त्याची स्वतःची गाढवी सुलताना तेवढी आली, तीही नाक वर करून. दुसऱ्या दिवशी तिनं उम्म नखलेचं गाढव बरोबर आणलं. गाढवांत बातमी पसरायला जुर्जीचं दुकान लागत नाही. आठवडा सरेपर्यंत फळीवर पहिला ठोका पडायचा अवकाश, की खालच्या वाटेनं धुरळा! गाढवं, दोन खेचरं आणि ज्यांचा पैजेशी काडीचा संबंध नाही अशा बकऱ्या. आत सगळं गाव गुडघे टेकून "सय्यिदे, आम्हाला वाचव" म्हणतंय आणि बाहेर जनावरं मचमच चावतायत. गाव उपाशी, गाढवं तुपाशी.

विनवणी संपायच्या आत सल्लूम त्यांना हाकलायचा आणि मागची लेंडं झाडून टाकायचा. एकदा अबूनांनी त्याला झाडूसकट पकडलं.

"रोज अंगण झाडतोस, सल्लूम?"

"सेवा, अबूना. सण जवळ आलाय."

"सय्यिदा तुझं भलं करो," म्हातारा म्हणाला. त्याच्या चपलेखाली एक शेंग कुडुमकन मोडली. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं आणि निघून गेला. दाढी मात्र जराशी हलल्यासारखी वाटली.

चौदाव्या संध्याकाळी सल्लूमनं शेवटचं पोतं झटकलं आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, "नस्रीच्या मापाचं खोगीर आहे का गं आपल्याकडे?"

सणाची सकाळ. अंगणात हरीसाचे हंडे रटरटत होते. बायका पाळीपाळीनं लाकडी वल्ह्यांनी गहू-मटण घोटत होत्या. उपास सुटणार म्हणून नवरे हंड्यांभोवती माशांसारखे घोंगावत होते. खालच्या वाड्यांतूनही माणसं आली होती, तीही गाढवांवरून. उम्म नखलेनं सगळ्यांना बजावलं होतं, आज कोणी जनावर बांधायचं नाही, खोगीर उतरवायचं नाही. भिंतीपलीकडे उतारावर सगळा कळप चरत होता. पैजेचं गावाला माहीत होतंच, त्यामुळे देवळापेक्षा भिंतीवर गर्दी जास्त होती.

सणाला नाकूस तीनदा वाजतो. अबूना सरोफीम अक्रोडाच्या झाडाखाली आले. आज खांद्यावरची छोटी फळी नव्हती. झाडाला साखळ्यांनी टांगलेली मोठी फळी होती, तिच्याशेजारी लोखंडी कडं, आणि हातांत दोन मोगऱ्या. म्हाताऱ्यानं क्रूसाची खूण केली आणि सुरू केलं. घोडदौड! फळी, कडं, फळी, कडं. खणखणाट असा की कबुतरं घुमटावरून उडाली.

सल्लूमनं कपाळावर हात मारला.

उपासाला छोटी फळी, एक मोगरी, संथ ठोके. सणाला मोठी फळी, दोन मोगऱ्या, दुडकी चाल. हे या गावात कोणाला माहीत नाही? सल्लूमला माहीत नव्हतं? आईच्या पोटात असल्यापासून माहीत होतं! इतकं माहीत होतं की डोक्यात आलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चौदा दिवस त्यानं जनावरांना उपासाचा नाकूस शिकवला होता. सणाच्या नाकुसाला त्यांच्या बापानंही कधी शेंग खाल्ली नव्हती.

उतारावर एकाही गाढवानं मान वर केली नाही. सुलतानानं एक कान हलवला, मठाकडे पाठ केली आणि शेपटी उचलून आपलं मत दिलं.

भिंतीवर हशा पिकला. "नूहला पत्र पाठव रे!" कोणीतरी ओरडलं.

दुसरा नाकूस वाजला. तोही तसाच. एक बकरी आत आली, पण तिच्या पाठीवर खोगीर नव्हतं. उम्म नखलेनं तिला चपलेनं बाहेर काढली.

नस्री इस्त्रीच्या कोटात पुढं आला. "चल गाढवा, उरकून घे. मुत्रान यायच्या आत. त्यांच्यासमोर तमाशा नको."

"तिसरा नाकूस बाकी आहे," सल्लूम म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. त्यानं अबूनांकडे पाहिलं. म्हातारा सुरईतून पाणी पीत होता. कपाळावर घाम. देवळाच्या पायरीशी एक छोटंसं बोचकं होतं. कोणी सांगायच्या आत त्यांनी ते स्वतःच बांधून ठेवलं होतं.

"अबूना, मी..."

"हरलास तर हरलास, बाळा," अबूना म्हणाले. "घाल खोगीर. घाई करू नकोस, गुडघे सांभाळ. तिसरा नाकूस मी तू वर आल्यावरच वाजवतो."

सल्लूमच्या मनात आलं, म्हाताऱ्यानंही हात टेकले. तो झऱ्यापर्यंत उतरला. जुर्जीनं सुलतानाचं खोगीर काढून त्याच्या पाठीवर कसलं. पट्टा आवळताना पोट मध्ये आलं तेव्हा "श्वास सोड, सुलताना सोडते" म्हणाला. सल्लूम हातापायांवर आला. आणि काय सांगायचं, एकदा रेकायचंच ठरलं की मग अर्धवट कशाला? त्यानं असा सूर लावला की खालच्या वाडीतलं गाढव उलट ओरडलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं, बायका, कडेवरची लेकरं. कोणी त्याच्या पाठीवर गहू उधळला, कोणी गवताची पेंढी नाकापुढं धरली. त्यानं ती खाल्ली. लोकांना हसवायला त्याला आवडायचंच. पण आज गुडघ्यांपेक्षा छातीत जास्त दुखत होतं, कारण दर पावलाला ते बोचकं जवळ येत होतं.

उंबऱ्याशी पोचला आणि थांबला. पलीकडे अंगण, हंड्यांची वाफ, हसणारा नस्री. आणि अक्रोडाखाली अबूना, दोन्ही मोगऱ्या उचलून, त्याच्याकडेच टक लावून बघत. म्हाताऱ्यानं एक डोळा मिटला.

मोगऱ्या खाली आल्या. चल आदमा! चल आदमा! चल घरी चल आदमा!

सल्लूमच्या टाळक्यात उजेड पडला. पाय चार. पाठीवर खोगीर. ओढणारा नाही, ढकलणारा नाही. नाकूस चालू. त्यानं मान वर केली, आयुष्यातलं सगळ्यात मोठं रेकणं रेकला आणि टुणकन उडी मारून उंबरा ओलांडला.

"आलं!" उम्म नखले किंचाळली. "नाकूस ऐकून गाढव आलं! नस्री, हरलास!"

"काहीतरीच!" नस्रीचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "हा सल्लूम आहे! हा माणूस आहे!"

"आज कळलं होय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "या गल्लीत, त्या दुकानात, त्याच्या लग्नात, माझ्या नखलेच्या बाप्तिस्म्यात, जन्मभर तू त्याला काय म्हणतोस? मोठ्यानं सांग. सय्यिदेच्या दारात उभा आहेस."

भिंतीवरून सगळं गाव एका सुरात ओरडलं, "गाढवा!"

"पण... पण चार पायांवर आलं म्हणून काही..."

उम्म नखलेचं हसू थोडं निवलं. "ऐक. भुकेच्या सालात मी एवढीशी होते. घरात दाणा नव्हता, उभं राहायची ताकद नव्हती. वरून नाकूस वाजला. मठात मसुराचं पाणी उकळायचं तेव्हा भिक्षू तो वाजवायचे. मी या वाटेनं रांगत आले आणि याच उंबऱ्यावरून आत गेले. तेव्हा कोणी विचारलं नाही, हे काय आलंय, माणूस की जनावर. वाडगा पुढं केला. नाकूस ऐकून जो येतो, तो आलेला असतो. कळलं?"

एका हंड्यातलं वल्हं थांबलं. मग नस्रीनं गळ्याचं बटण काढलं. जुलैपासून पहिल्यांदाच.

"खोगीर आण," तो म्हणाला.

जो जल्लोष झाला तो विचारू नका. सल्लूमनं स्वतः खोगीर कसलं, आणि पट्टा आवळताना म्हणाला, "श्वास सोड, सुलताना सोडते." नस्री झऱ्याशी हातापायांवर उतरला. इस्त्रीचा कोट जुर्जीनं झेंड्यासारखा काठीला लावला.

पण तो लाजत होता, रेकणं घशातून निघेना.

"अध्यक्षांना बोलवायला हवं," अबूना वर अंगणात म्हणाले. "त्यांना सणाचा नाकूस कठीण जातोय. साधा वाजवतो." आणि त्यांनी खांद्यावर छोटी फळी घेतली. एक मोगरी. संथ ठोके. उपासाचे.

उतारावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"अबूना, नको!" उंबऱ्याशी थांबलेला सल्लूम ओरडला. "अंगणात हंडे आहेत!"

"चौदा दिवस तू मला विचारलं नाहीस की सणाला काय वाजवतात," म्हातारा ठोके न चुकवता म्हणाला. "मी सांगितलं असतं ना. पण म्हटलं, गाढवांनाही एखादा दिवस उपास पाहिजे."

मग धुरळा उठला. सुलताना पुढं, तिच्यामागं उम्म नखलेचं गाढव, खेचरं, बकऱ्या, खालच्या वाड्यांतली पाहुणी गाढवंही. सगळ्या कळपानं झऱ्याच्या वळणावर नस्रीला गाठलं आणि त्याला मध्येच घेऊन वर निघाला. आता नस्रीला रेकावंच लागलं, नाहीतर तुडवला गेला असता. आणि तो असा रेकला, असा रेकला, की सल्लूमला मनापासून हेवा वाटला.

नेमक्या त्याच वेळी कळपामागून मुत्रानांची काळी गाडी वळणावर आली. ती गाढवांच्या चालीनंच वर चढली. मठापाशी मुत्रान उतरले, हातात दंड, डोक्यावर काळी उंच टोपी. त्यांच्यापुढं शेपट्या, शेपट्यांपुढं उंबरा, आणि उंबऱ्यापासून तीन पावलांवर खोगीर घातलेले समितीचे अध्यक्ष.

"हे काय चाललंय? घंटेचं बटण कुठे आहे?"

"अध्यक्षांना विचारा, सय्यिदना," उम्म नखले अदबीनं म्हणाली. "पण उंबरा ओलांडेपर्यंत त्यांना एकच भाषा येते."

मुत्रानांनी नस्रीकडे पाहिलं, त्याच्या पाठीवरच्या खोगिराकडे पाहिलं. मग छोटी फळी अजून खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या अबूनांकडे पाहिलं, पायरीवरच्या बोचक्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ दाढीत गडप झाले, आणि दाढी हलू लागली.

"बोला, अध्यक्ष. नाकूस राहणार की घंटा?"

नस्रीनं वर ताडपत्रीकडे पाहिलं. ब्राझीलच्या मेहुण्याला आता काय लिहायचं, हे त्याच्या कपाळावर स्पष्ट उमटलं होतं. मग त्यानं सल्लूमकडे पाहिलं, दात विचकले आणि जीव तोडून रेकला: "हीं-हाँ! हीं-हाँ! हीं-हाँऽऽ!"

"काय म्हणतायत ते?" मुत्रानांनी विचारलं.

"नाकूस राहील, अबूना राहतील, आणि घंटा ईस्टरला, असं म्हणतायत, सय्यिदना," सल्लूम म्हणाला. "मी आत्ताच ती भाषा बोलून आलोय."

मुत्रानांनी नस्रीकडे पाहून भुवया उंचावल्या. नस्रीनं खोगीर हलेल इतक्या जोरात मान डोलावली, उरलेली तीन पावलं टाकली आणि गुडघ्यांवरच, मागून सुलतानाचा धक्का खात, सय्यिदेच्या मठाचा उंबरा ओलांडला. अबूनांनी छोटी फळी खाली ठेवली, पायरीवरचं बोचकं उचललं आणि आपल्या खोलीत सोडायला घेऊन गेले.